अर्ध्या दिवसाची डुबकी

तेओदुलो मागहानोयच्या कुंपणावर फ्लेक्स लागला आणि समोरच्या घरातला भात करपायला लागला. समोरचं घर एपिफानियो लाबितादचं. त्याची बायको परपेतुआ चुलीवर भात चढवायची, खिडकीशी जाऊन उभी राहायची आणि फ्लेक्सकडे बघत बसायची. फ्लेक्सवर तेओदुलो काळ्या रबरी पोशाखात, पाठीवर हवेची टाकी, एक हात कमरेवर. वर मोठ्या अक्षरांत ‘अभिनंदन! आमच्या वस्तीचे भूषण, सागरतळाचे वीर!’ खाली शुभेच्छुकांची नावं, आणि त्यात एपिफानियोचंही नाव, त्याला न विचारता छापलेलं.

फ्लेक्सबद्दल एपिफानियोची तक्रार नव्हती. सामबुलान बेटावर कुणी नर्सची परीक्षा पास झालं, कुणाच्या मुलीला सौंदर्यस्पर्धेत उत्तेजनार्थ पट्टा मिळाला, कुणाचं पोर बालवाडीतून पहिलीत गेलं, तरी फ्लेक्स लागतो, आणि लागायलाच हवा. पण त्या सगळ्यांनी काहीतरी केलेलं असतं. तेओदुलोने काय केलं? पाण्याखाली गेला आणि वर आला. पडलेला नारळही तेवढं करतो, आणि त्याचा फ्लेक्स कुणी लावत नाही.

बरं, तेओदुलोला टाळावं तर तेही शक्य नव्हतं. एपिफानियोच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता झाला होता. तेव्हापासून दोघे एकमेकांना ‘पारे’ म्हणत आणि परपेतुआ त्याची ‘मारे’ झाली होती. हे नातं सख्ख्या भावापेक्षा अवघड. भावाशी भांडून बोलणं तरी बंद करता येतं. पारे जेवणाच्या वेळी दारात उभा राहिला की ‘ये, जेवायला बस’ म्हणावंच लागतं, आणि तेओदुलोला आसपासच्या सगळ्या घरांच्या जेवणाच्या वेळा तोंडपाठ होत्या.

“...आणि मारे, मी मागे वळून बघतो तर काय!” तेओदुलोने तळलेल्या माशाचा तुकडा हवेत धरला आणि तो थांबला. तो विम्याचा एजंट होता, कुठे थांबायचं ते त्याला बरोबर कळत असे.

“मग काय झालं?” परपेतुआ म्हणाली. तिच्या हातातला डाव वाडग्यावर तसाच राहिला होता. डोळे मोठे झाले होते.

एपिफानियोने उचललेला घास परत ताटात ठेवला. हे डोळे त्याने शेवटचे कधी बघितले होते? तो नगरपालिकेच्या घरपट्टी खात्यात होता. परवाच त्याने तिला सांगितलं होतं की एका बड्या माणसाने डुकरांचा अख्खा गोठा नोंदीतून कसा लपवला होता आणि आपण तो नुसत्या वासावरून कसा शोधून काढला. ऐन रंगात आलेली गोष्ट. त्यावर परपेतुआ म्हणाली होती, “मीठ दे जरा.” आणि आता हा विमेवाला तिच्यासमोर बसून स्वतःला टाकी बांधून घेतल्याची गोष्ट सांगत होता, आणि ती मीठ मागत नव्हती. एपिफानियोला हेवा वाटला. साधासुधा नाही, पोटातून वर चढून कानापर्यंत येणारा हेवा. आपल्या बायकोने एकदा, फक्त एकदा, असे डोळे करून आपल्याकडे बघावं, एवढंच त्याला या जगात हवं होतं.

“मीही जाणार आहे,” तो म्हणाला.

“कुठे?” दोघांनी विचारलं.

“खाली.”

तेओदुलो हसला. वाईट हसला नाही, प्रेमाने हसला, आणि तेच जास्त लागलं. परपेतुआ मात्र हसली नाही. “मी येऊ?” तिने विचारलं.

“ये की,” एपिफानियो उदार होऊन म्हणाला. “होडीत बसून बघ.”

बातमी कोपऱ्यावरच्या दुकानात पोचली आणि एपिफानियोचा देह सार्वजनिक मालमत्ता झाला. दुकानवाली मानांग बेबांग म्हणाली, कानात खोबरेल तेल घाल, नाहीतर पाणी मेंदूत जातं. न्हाव्याने मिशी काढण्याचा आग्रह धरला, कारण मिशीतून मुखवट्यात पाणी शिरतं. ते खरं असतं म्हणतात, पण एपिफानियोच्या मिशीला नगरपालिकेत एक वजन होतं. तेओदुलो रोज संध्याकाळी येऊन नाक चिमटीत धरून कानातली हवा कशी सोडायची ते शिकवू लागला, तेही जेवणाच्या टेबलावर. शिकवणी आटोपली की अर्थातच ‘ये, जेवायला बस.’ एपिफानियो न्हाणीघरातल्या पिंपात डोकं घालून श्वास रोखायचा सराव करी. एकदा तो त्या अवस्थेत असताना सासू आत आली आणि तिने किंचाळून त्याला केसाला धरून बाहेर काढलं.

सासूला सगळी आळी लोला आस्यांग, म्हणजे आस्यांग आजी, म्हणे. पोहण्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं, तिचं म्हणणं वेगळ्याच बाबतीत होतं. “तिथे प्रवाळात राहतात ते,” ती आवाज खाली आणून म्हणाली. “आपल्यासारखे नसलेले. त्यांच्या अंगणातून जायचं तर आधी विचारायचं. ‘ताबी, आपो’ म्हणायचं, जरा बाजूला व्हा आजोबा, जाऊ द्या. न विचारता शिरलास तर वाकडं तोंड घेऊन परत येशील.”

“हो नानाय,” एपिफानियो म्हणाला.

“हो नानाय नको. तू लोकांची घरं मोजायला जातोस तेव्हा फाटकाबाहेर उभा राहून हाक मारतोस ना? मग इथे का नाही?”

हा मुद्दा त्याला पटला. परवानगीशिवाय त्याने उभ्या नोकरीत एकाही उंबऱ्याच्या आत पाय टाकलेला नव्हता.

डुबकीवाल्यांना डॉक्टरचा दाखला लागतो. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला आणि भुवया वर केल्या. रक्तदाब चढलेला. दुसऱ्यांदा घेतला, आणखी चढलेला. बाई गोळ्या लिहायला लागल्या, तेवढ्यात परपेतुआने खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाजाराच्या चौकात तेओदुलोने दुसरा फ्लेक्स लावला होता, पहिल्यापेक्षा मोठा. बाईंनी एपिफानियोची खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि पुन्हा पट्टा फुगवला. यावेळी रक्तदाब एखाद्या शाळकरी मुलासारखा निघाला. “आलेच आहे तर माझंही बघा,” परपेतुआ म्हणाली. बायकांना फुकटच्या तपासणीचं भारी वेड, असं मनात म्हणून एपिफानियो बाहेर जाऊन उभा राहिला.

आता फ्लेक्स. पुढच्या आठवड्यात गावच्या पालक संताचा सण, आणि छपाईवाला म्हणाला, “नोय, आज देत असाल तर द्या. नंतर थेट सण संपल्यावर.” सण संपल्यावर लागलेल्या अभिनंदनाला काय किंमत? सणाला मनिलापासून नातेवाईक येणार, ते काय तेओदुलोचाच फ्लेक्स वाचत फिरणार? एपिफानियोने डुबकीच्या आधीच फ्लेक्स छापायला टाकला. पाण्याखालचा फोटो अर्थातच नव्हता. छपाईवाल्याने कुठल्यातरी गोऱ्या पाणबुड्याचं धड घेतलं आणि त्यावर एपिफानियोच्या कार्यालयीन ओळखपत्रावरचं डोकं बसवलं, टायच्या गाठीसकट. धडाला सोनेरी केसाळ हात होते आणि पोट नव्हतं. मजकूर होता ‘सागरतळाचे सम्राट, श्री. एपिफानियो लाबिताद’. रुंदी तेओदुलोच्या मोठ्या फ्लेक्सपेक्षा हातभर जास्त. शुभेच्छुकांत तेओदुलोचं नाव अगदी तळाला, डुकराच्या मटणवाल्याच्या खाली. हे सगळं बघून त्याला खूप दिवसांनी शांत झोप लागली.

फ्लेक्स टांगायचं काम मेहुणा दियोस्दादोकडे. होडी सुटली की त्याने घरावर फ्लेक्स चढवायचा, म्हणजे परत येताना तो किनाऱ्यावरूनच दिसेल, अशी योजना होती.

डुबकीवाल्यांचा कार्यक्रम अर्ध्या दिवसाचा. सकाळी निघायचं, प्रवाळावर दोन ठिकाणी उतरायचं, दुपारच्या जेवणाला घरी. जेवणाला घरी यायचं असलं तरी होडीवर उपाशी कुणी जात नाही. माडाच्या पातीत बांधलेल्या भाताचे घोसच्या घोस, भाजलेलं डुक्कर, शेवया, सुकी मासळी आणि या सगळ्यावर देखरेख करायला लोला आस्यांग. धक्क्यावर तेओदुलो आधीच उभा होता, स्वतःची पायात घालायची वल्ही पिशवीत घेऊन.

“पारेला पहिल्यांदा एकटा कसा सोडू?” तो म्हणाला आणि होडीत चढला.

वाटाड्याचं नाव रोमार. केस नारिंगी रंगवलेले, खांदे होडीच्या आडव्या लाकडासारखे, आणि दात इतके पांढरे की एपिफानियोला ते पहिल्या नजरेतच आवडले नाहीत. “सर, पोटभर खाऊ नका,” रोमार म्हणाला. एपिफानियोचं तोवर दोनदा खाऊन झालं होतं.

मग रोमारने सगळं समजावलं. श्वास कधी रोखायचा नाही. तोंडातली नळी कधी काढायची नाही. हाताच्या खुणा अमुक अमुक. बाकी सगळं मी बघतो. एपिफानियो नगरपालिकेच्या बैठकीत डोलावतो तशी मान डोलावत होता. शेजारी बसलेली परपेतुआ ओठांतल्या ओठांत प्रत्येक वाक्य पुन्हा म्हणत होती, आणि गुडघ्यावर हाताच्या खुणा करून बघत होती.

रबरी पोशाखात एपिफानियोला घालायला तीन माणसं लागली. रोमार पुढून, तेओदुलो मागून पाठीवरची चेन ओढत, आणि लोला आस्यांग पोट आत ढकलत. “श्वास सोड, पारे!” तेओदुलो ओरडला. “केव्हाच सोडलाय!” एपिफानियो म्हणाला. अखेर चेन चढली. आपण फ्लेक्सवर दिसतो तसे दिसत नाही, एवढं त्याला आरसा नसतानाही कळलं.

पाण्यात पडल्यावर तो बुडेना. भात आणि डुक्कर त्याला वर धरून होते. रोमारने कमरेला शिशाचे तुकडे बांधले, मग आणखी बांधले. होडीतून तेओदुलो सल्ले देत होता. मग एकदम पाणी डोक्यावरून मिटलं, आणि तेओदुलोचा आवाज बंद झाला. डुबकीचा हा फायदा कुणीच सांगितला नव्हता.

खरं सांगायचं तर एपिफानियो खाली फारसा गेलाच नाही. दोन पुरुष पाणी असेल. पण तेवढ्यातच त्याने प्रवाळाची भिंत बघितली, आणि तिच्यावरून पिवळ्या माशांची अख्खी शाळा सुटल्यासारखी जाताना बघितली. त्याच्या मनात लगेच जेवणाचं टेबल उभं राहिलं. ‘आणि मी वळून बघतो तर काय,’ असं म्हणून आपण थांबायचं. वाडगं तिच्या हातात असेल. ती विचारील.

म्हणून तो वळला. समोर भिंतीत एक काळं भगदाड होतं, आणि भगदाडात एक म्हातारा मासा, कढईएवढ्या तोंडाचा. मासा दारात उभ्या असलेल्या घरमालकासारखा त्याच्याकडे बघत होता. एपिफानियोच्या अंगावर काटा आला. विचारलंच नाही! पोशाख, शिसं आणि तेओदुलो यांच्या गडबडीत ‘ताबी’ म्हणायचं राहूनच गेलं. घरपट्टी खात्याचा माणूस बिनपरवाना दुसऱ्याच्या अंगणात येऊन उभा होता.

एपिफानियोने जे योग्य ते केलं. त्याने तोंडातली नळी काढली आणि अदबीने म्हटलं, “ताबी, आपो.”

म्हणजे ‘ता’ म्हटलं. बाकी सगळा समुद्र होता.

रोमारने झडप घालून नळी परत तोंडात कोंबली आणि त्याला धरून वर आणलं. होडीवर एपिफानियो पालथा पडून खोकत होता, आणि नाकातून खारं पाणी येत होतं.

“सर, नळी का काढली?” रोमार घाबराघुबरा झाला होता. “एकच गोष्ट सांगितली होती!”

एपिफानियोने खोकत खोकत कारण सांगितलं. रोमारने मान डोलावली. तोही याच बेटावरचा, त्याला यात हसण्यासारखं काही दिसेना. “आम्ही होडीवरच म्हणून घेतो, सर,” तो हळूच म्हणाला.

“विचारलंस ना?” लोला आस्यांगने जावयाच्या पाठीवर हात फिरवला. “शहाणा आहेस.”

हसला फक्त तेओदुलो. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “असू दे, पारे,” तो म्हणाला. “सगळ्यांनाच नाही जमत.”

एपिफानियोला वाटलं, त्यापेक्षा तो मासा बरा. आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. दियोस्दादो होता, आणि त्याचा आवाज अख्ख्या होडीला ऐकू येत होता. “भावोजी, फ्लेक्स चढवला! काय दिसतोय! बघायला सगळी आळी आलीय, फादरही आलेत. आता आलेत म्हटल्यावर जेवायला बसवलं. बँडवाले सणाच्या तालमीला निघाले होते, त्यांनाही थांबवलंय. किती वेळात येताय?”

एपिफानियोने फोन बंद केला. किनाऱ्यावर एक सम्राट टांगलेला होता, त्याच्याखाली बसून फादर डुक्कर खात होते, आणि सम्राट इथे नाक शिंकरत होता. त्याला वाटलं, होडी अशीच पुढे मिंदानावला न्यावी आणि तिथे नवीन नोकरी बघावी.

“दुसरी डुबकी उरलीय,” रोमार म्हणाला, “पण सरांना आता उतरवणार नाही. पाणी गिळलंय.”

“मग ती टाकी मी वापरतो,” तेओदुलो पिशवीतून वल्ही काढायला लागला. “भरलेली टाकी वाया कशाला घालवायची?”

“ती टाकी आमची आहे, पारे,” परपेतुआ म्हणाली.

तिने हातातल्या पिशवीतून डॉक्टरीणबाईंचा दाखला काढून रोमारला दिला. मग तिने एका दमात श्वास, नळी, कान आणि सगळ्या खुणा म्हणून दाखवल्या. रोमारचे दात पुन्हा दिसले.

“तू?” एपिफानियो म्हणाला. “तुला जायचं होतं? मग बोलली का नाहीस?”

“मी येऊ का विचारलं, तर म्हणालास होडीत बसून बघ.”

“मला वाटलं...” एपिफानियोचा आवाज चिरकला, कारण आता सगळंच बाहेर येत होतं. “मला वाटलं तुला त्याच्या गोष्टी आवडतात. रोज ‘मग काय झालं, मग काय झालं’. डाव हातात तसाच. मी गोठ्याचं सांगितलं तर मीठ मागितलंस!”

तेओदुलो छाती पुढे काढून नम्रपणे समुद्राकडे बघू लागला.

“विचारू नको तर काय करू?” परपेतुआ म्हणाली. “जन्मापासून या पाण्यावरून जातेय-येतेय. शाळेला याच होडीने, बाळंतपणाला याच होडीने, आणि खाली काय आहे ते एकदाही बघितलं नाही. बघून आलेला ओळखीतला हा एकच माणूस. आणि हा मेला दर वेळी स्वतःबद्दलच सांगतो! मी कसा वळलो, मी कसा घाबरलो नाही. खाली काय होतं ते विचारून विचारून थकले, सांगेल तर शपथ.”

तेओदुलोची छाती आत गेली. त्याने शेवयांचं भांडं ओढून घेतलं.

“पण फ्लेक्सवर नाव माझं आहे,” एपिफानियो क्षीण आवाजात म्हणाला.

“आडनाव तर माझंही तेच आहे ना? फादरना तेवढं पुरेल.”

पोशाख तिच्या अंगात सरकन गेला. कुणाला काही ढकलावं लागलं नाही. ती होडीच्या कडेवर बसली, वाकून तळहात पाण्याला टेकवला, “ताबी, आपो,” म्हणाली, नळी तोंडात धरली आणि मागच्या मागे गेली.

रोमारने तिचा हात धरला होता. साहजिक होतं, नव्या माणसाचा हात धरतातच. पण एपिफानियो कडेवरून वाकून बघत होता आणि त्याला हिरव्या पाण्यात तेवढाच धरलेला हात दिसत होता. तेओदुलोचा हेवा इतके दिवस पोटात होता, तो एका क्षणात नारिंगी केसांवर गेला. गोष्ट सांगणाऱ्याचं एक वेळ ठीक आहे. हा तर प्रत्यक्ष दाखवत होता, तेही पांढऱ्या दातांनी. ती वर येईल तेव्हा तिच्याकडे सांगायला सगळं असेल, आणि त्यात एपिफानियो कुठेच नसेल. याचं त्याला खरोखर रडू आलं.

“बसलायस काय?” लोला आस्यांग म्हणाली. “मुखवटा आहे, वर तरंगत श्वास घ्यायची नळी आहे. मागे जा तिच्या.”

“पारे, तुला सांगितलंय ना...” तेओदुलो भरल्या तोंडाने म्हणाला.

एपिफानियोने मुखवटा चढवला, नारिंगी तरंगजाकीट घातलं आणि पायऱ्यांवरून उलटा पाण्यात गेला. जाकिटामुळे बुडायची सोयच नव्हती. तो पालथा तरंगत, हात मारत त्यांच्या वरून निघाला. मिशीतून मुखवट्यात पाणी येत होतं. न्हाव्याचं बरोबर होतं.

खाली ती होती. तो बघत राहिला. हीच बाई घरात जिना उतरताना गुडघा धरते. इथे ती प्रवाळावरून अशी चालली होती की तिला कुणी वजनच दिलेलं नव्हतं. दोघं एका खडकाशी थांबली. रोमारने बोट दाखवलं, आणि खडकाचा एक तुकडा खडकापासून सुटून लाल झाला, मग पांढरा, आणि आठ पाय गोळा करून निघून गेला. एपिफानियो नळीतून ओरडला. ओरडताना त्याच्या लक्षात आलं की आपण रोमारला विसरलो होतो.

परपेतुआने आपला हात रोमारच्या हातातून सोडवून घेतला. ती पाठीवर वळली आणि वर बघू लागली, इकडून तिकडे, काहीतरी शोधत. मग तिला नारिंगी जाकीट दिसलं. तिने ऑक्टोपस गेला त्या दिशेला जोरजोरात बोट दाखवलं, बघितलंस का, बघितलंस का, आणि मुखवट्याच्या काचेआड तिचे डोळे इतके मोठे झाले होते की एपिफानियोला ते वरूनही दिसले. त्याने दोन्ही हात हलवले. बघितलं, बघितलं!

ती खाली हसली असावी, कारण एकदम खूप बुडबुडे सुटले. मोठे, चपटे, रुपेरी, डगमगत ते वर आले आणि एकामागून एक एपिफानियोच्या पोटावर फुटले. गुदगुल्या झाल्या. तो हसला, नळीत पाणी गेलं, ठसका लागला, होडीवरून तेओदुलो डोकं वर काढ म्हणून ओरडू लागला. पण डोकं वर काढलं असतं तर ती दिसली नसती, म्हणून एपिफानियोने ते पाण्यातच ठेवलं.